माळ्यावरचे तीन भाले

अण्णांनी संध्याकाळी पाच वाजताच खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती गोष्ट मी वहीत ‘डॉक्टरांना विचारायचे’ या मथळ्याखाली लिहिली. त्या यादीत तिच्या वर बद्धकोष्ठ होते आणि डाव्या कानाचे यंत्र. अण्णा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी, वनखात्यातून निवृत्त, रोह्याला स्वतःच्या चार खोल्यांच्या घरात राहतात. मी पेणला असते, एका शाळेत पर्यवेक्षिका आहे. आई गेल्यापासून त्यांच्याकडे दिवसभराची एक बाई आहे. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी गाडी काढून रोह्याला जाते आणि रविवारी परतते.

डॉक्टर म्हणाले, या वयात तिन्हीसांजेला असं होतं, दिवे लवकर लावत जा. आम्ही दिवे लवकर लावले. ओळीपुढे बरोबरची खूण करून मी मोकळी झाले.

मग एका बुधवारी, शाळेत वेळापत्रक लावत असताना त्या बाईचा फोन आला.

“ताई, आजोबांनी मला भायेर ठेवून आतनं कडी घातलीय. दळण आणायला गेल्ये होते मी, दुसरं काय नाय.”

“काय म्हणतायत?”

“म्हणतायत, तू एकटी आहेस की तो पण हाय बरोबर? मी म्हटलं, आजोबा, माझा नवरा कंपनीत शिफ्टला गेलाय, तो कशाला येतोय तुमच्याकडं, त्याला सासुरवाडीला यायला सवड नाय. तर म्हणतायत, तुझा नवरा नाय गो, भालेवाला.”

ती हसत होती. मी हसले नाही. भालेवाला कोण हे मला माहीत नव्हते, पण भाले कोणते ते माहीत होते.

रोह्याच्या घरात माळ्यावर तीन भाले आहेत. मी लहान असल्यापासून आहेत. दरवर्षी खंडेनवमीला आई ते खाली काढायची, खोबरेल तेल लावून पुसायची, विळी, कोयता, पहार आणि अण्णांच्या सरकारी कुऱ्हाडीशेजारी पाटावर मांडायची. हळद-कुंकू वाहायची, वर लाल नाडा गुंडाळायची. पुढच्या वर्षी त्याच्यावर आणखी एक नाडा. ते आमच्या घराण्याचे भाले, पूर्वज लढाईला घेऊन गेले होते, असे ती सांगायची आणि मीही सांगायचे. सातवीत असताना मी त्यावर निबंध लिहिला होता. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

अण्णा खंडेनवमीला कधी घरी नसायचे. दौरा असायचा. निवृत्त झाल्यावरही त्या दिवशी सकाळी ते नदीकाठी फिरायला जात आणि जेवायलाच येत. इतकी वर्षे मी याद्या करत आले, पण या दोन गोष्टी मी कधी एका पानावर लिहिल्या नव्हत्या.

त्या शनिवारी मी थेट विचारले. “अण्णा, माळ्यावरचे भाले कुणाचे आहेत?”

त्यांनी आधी दाराकडे पाहिले. “हळू बोल.”

“घरात आपण दोघंच आहोत.”

“तो मागायला येणार. मीच सांगितलं होतं त्याला, ये म्हणून.” मग अगदी शाळेतल्या पोरासारखे, पकडले गेल्यासारखे म्हणाले, “मी लिहिलं नाही कुठं.”

“काय लिहिलं नाही?”

“पंचनामा.”

ताटातला भात त्यांनी बोटाने कडेला सारला आणि उठले. संध्याकाळचे जेवण त्यांनी सोडले होते. पायजम्याची नाडी त्या बाईने दोनदा आवळून दिली होती. डॉक्टरांनी या खेपेला वयाचे काही सांगितले नाही. असंच चालू राहिलं तर दाखल करून नाकातून अन्नाची नळी घालावी लागेल, म्हणाले.

मला त्यांची भीती घालवायची होती आणि उपाय उघड होता. भाले कुणाचे ते शोधायचे, त्याला परत करायचे, अण्णांना तसे सांगायचे. तीन कामे. मी ती लिहून काढली. मग त्याच पानावर, भाले त्यांच्याकडे कसे आले असतील, ते लिहायला घेतले. पहिली शक्यता, भेट. दुसरी, जप्ती. तिसरी लिहिली आणि ते पान फाडले. मी वहीतले पान कधी फाडत नाही. शिलाई सैल होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून भाले खाली काढले. माझ्या डोक्याहून थोडे उंच, भरीव बांबूचे दांडे, हाताला गुळगुळीत. पाती वीतभर, जड. पाते दांड्यात बसते तिथे, चार बोटे रुंदीवर, काहीतरी विणलेले होते. पण त्यावर तेलाचे किटण, हळद-कुंकवाचे थर आणि नाड्यांचे वेटोळे इतके होते की गळ्याला गळू झाल्यासारखे दिसत होते. मी नाडे कापले, ते पिशवीत घालून ठेवले, आणि न्हाणीघरात बसून जुन्या टूथब्रशने, कोमट पाण्याने आणि साबणाने घासायला लागले.

पाणी लाल झाले. नुसते गुलाबी नाही, गडद लाल. माझ्या बोटांवरून, मनगटावरून, मोरीकडे. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे मला माहीत आहे. मी दहा वर्षे विज्ञान शिकवले आहे. तरी माझे हात थांबले. फाडलेल्या पानावर काय लिहिले होते ते मला शब्द न् शब्द आठवले. तेवढ्यात बाई दारात आली आणि “आई गो!” म्हणून ओरडली, आणि बाहेरच्या खोलीतून अण्णांच्या खुर्चीचा आवाज आला. मी पाय आडवा घालून न्हाणीघराचे दार लावून घेतले आणि दोन बादल्या पाणी ओतले.

किटणाखालून वीण निघाली. गव्हाच्या काडीएवढ्या बारीक, चपट्या पट्ट्या, तिरप्या, एकीवरून एक, चटईसारख्या. इतकी वर्षे आम्ही ज्याची पूजा केली ते आम्ही कधी बघितलेच नव्हते.

मी फोटो काढले. आमच्या ओळखीतल्या, जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका गृहस्थांना पाठवले. त्यांचे उत्तर लगेच आले, हा विणलेला वेत आहे, हे काम ईशान्येकडच्या डोंगरी लोकांचे. मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी चहा टाकला. म्हणजे कुठल्यातरी प्रदर्शनातून आणलेली शोभेची वस्तू! चहा उकळेपर्यंत तो आनंद टिकला. अण्णा नोकरीत नाशिकच्या पलीकडे कधी गेले नव्हते, आणि शोभेची एकही वस्तू त्यांनी आयुष्यात आणली नव्हती.

म्हणून पुढच्या शनिवारी एक भाला चादरीत गुंडाळून रोह्याच्या बाजारामागच्या लोहाराकडे गेले. माझ्याच वयाचा माणूस. त्याने पाते उजेडात धरले, मग बुडाशी बोटाने टिचकी मारली.

“वेत नाय ओ हा, बांबूची साल हाय. आणि हे बघा.” पात्याच्या एका कडेला अर्धचंद्रासारखी खाच होती. “ट्रकच्या कमानपट्ट्याचं भोक. अर्धं कापलं गेलं, अर्धं राहिलंय. तुमचे पूर्वज ट्रकमधनं गेलेले काय लढाईला?”

“मग हे कुठलं?”

“हितलंच. डुकराचा भाला. आमच्या बापानं असले लय बनवले, फॉरेस्टवाला बघायच्या आत.” माझे वडील कोण होते ते त्याला ठाऊक नव्हते. “पातं लोहाराचं, पण वीण आमची नाय. पेणच्या बाजूला, गागोद्याच्या वरच्या अंगाला आदिवासी वाड्या हायेत ना, तिकडं बघितलीय अशी. तिकडं विचारा.”

मी पहिलीत होते तेव्हा अण्णांची नेमणूक त्याच भागात होती. आम्ही पेणला भाड्याने राहायचो आणि ते चार-चार दिवस रानात असायचे. मी भाला परत चादरीत गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिन्ही भाले गाडीत घातले. ते मावेनात. मागच्या आसनापासून पुढच्या खिडकीतून वीतभर बाहेर राहिले. पडद्याचे दोन दांडे मुद्दाम बरोबर घेतले आणि सगळे एकाच चादरीत बांधले, कोणी विचारलेच तर असावेत म्हणून. वडखळच्या अलीकडे नाकाबंदी होती. पोलिसाने हात केला तेव्हा मी गाडी कडेला घेतली. घरात विनापरवाना ठेवलेली तीन हत्यारे, पंचनामा नाही, आणि मी शाळेची पर्यवेक्षिका.

“काय आहे मॅडम?”

“पडद्याचे दांडे.” गणवेशातल्या माणसाशी मी पहिल्यांदा खोटे बोलत होते. लहानपणी घरातल्या गणवेशाशी बोलायची तर छातीच झाली नव्हती.

तो वाकून बघत राहिला. “असं बाहेर काढून नेऊ नका. कुणाच्या डोळ्यात जाईल. काहीतरी लाल बांधा टोकाला.”

माझ्याकडे लाल काय होते? भाल्यांबरोबर पिशवीत घेतलेले ते कापलेले नाडे. मी ते गाडीतून काढले आणि आईने बांधायची तसाच चादरीच्या टोकाला नाडा बांधला.

पहिल्या वाडीवर कोणी ओळखले नाही. दुसऱ्या वाडीवर गाडी थांबताच दोन पुरुष उठून उभे राहिले. एकाने विचारले, “फॉरेस्टकडनं आलाय काय?”

“नाही,” मी म्हणाले. ते खरे होते आणि खरे नव्हतेही.

एका पडवीत साठीची एक बाई बांबूच्या पट्ट्या काढत बसली होती. पायाच्या अंगठ्यात बांबू, हातात कोयती. मी शेजारी बसले आणि चादर सोडली. तिने कोयती खाली ठेवली, पहिला भाला मांडीवर घेतला आणि विणीवरून अंगठा फिरवला. बघितले नाही, नुसता अंगठा फिरवला. मग परत फिरवला, उलटा.

“ही आयेची,” ती म्हणाली.

“कशावरून, मावशी?”

“आये डावखुरी व्हती. तिरपी पट्टी बघ कुठं जाते. सगळ्या बाया अशा विणतील,” तिने हवेत हात फिरवून दाखवला, “ही तशी नाय. आणि शेवट बघ. पट्टीचा शेवट आमी हाताच्या अंगाला खोचतो, पात्याच्या नाय. सैल झालं का हाताला आधी कळतं. पट्ट्या मीच काढून दिल्यात हिच्या. बारा वर्साची व्हते.” तिने दुसरा भाला ओढला, अंगठा फिरवला. “ह्यो पन आयेचा.”

आजूबाजूचे लोक जवळ आले होते. ती माझ्याकडे पाहत होती.

“तुझ्याकडं कुठनं आलं?”

मला अजूनही उठता आले असते. सापडले, दिले, असे सांगून निघता आले असते. मी म्हणाले, “माझे वडील वनखात्यात होते.”

“उंच? मिशीवाला? सायकल ढकलत यायचा?”

“व्हय,” माझ्या तोंडून तिच्याच बोलीत निघाले.

मी तिसऱ्या शक्यतेची वाट पाहत होते. तिचा हात भाल्यावर होता.

“माझा बापूस नि चुलता डुकराच्या मागं गेलेले,” ती सांगू लागली. “तुझ्या बापानं अडवलं. केस झाली असती तर दोघं आत. घरात आमी पाच पोरं. आयेनं त्याचं पाय धरलं. मंग नाय केली केस. भाले घेऊन गेला. म्हणला, सुगी झाली का ये, घेऊन जा, तवर शिकार बंद.” तिने एक पट्टी उचलून बोटाला गुंडाळली. “आठ दिसांनी बापूस नाचणीच्या राखणीला गेला. हातात नुसता कोयता. डुकरानं मांडी फाडली. डोलीतनं खाली न्हेलं, पर रस्त्यापातुर पोचला नाय.”

तिने पट्टी बोटावरून सोडवली.

“मंग भाले मागायला कोण जानार?” ती म्हणाली.

माझ्या फाडलेल्या पानावर असे काही नव्हते. तिथे मी अण्णांनी कुणाला तरी मारले असेल असे लिहिले होते, आणि अण्णांनी तर दया केली होती. पंचनामा लिहिला असता तर तो माणूस तुरुंगात गेला असता आणि जगला असता. अण्णांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. आई त्या भाल्यांवर कुंकू वाहत होती तेव्हा नदीकाठी चालताना माहीत होते.

“ते आता जेवत नाहीत,” मी म्हणाले. दुसरे काही सुचले नाही. “संध्याकाळ झाली की दार लावून घेतात. तो भाले मागायला येईल म्हणतात. घाबरतात.”

“कोणाला? माझ्या बापसाला?” ती एकदम हसली, तोंडावर पदर धरून. “त्यो बकरीला भ्यायचा गो! आये त्याला पुढं घालून रानात न्ह्यायची.” मागचे लोकही हसले. मग तिचे हसणे थांबले आणि तिने पदर तसाच तोंडावर धरून ठेवला.

तिसरा भाला चादरीवरच होता. तिने तो सर्वांत शेवटी घेतला. अंगठा फिरवला आणि लगेच माझ्या हातात परत दिला.

“ह्यो आमचा नाय.”

“तिन्ही एकत्रच होते.”

“आसतील. बापसाचा एक, चुलत्याचा एक. दोनच गेले आमचे. ह्याची वीण उजवी हाय, शेवट पात्याकडं हाय. ही आमच्या वाडीची खोचणीच नाय.”

“मग कुणाचा असेल?”

“मला काय ठावं? वीण हाय म्हणजे विणणारी कोणतरी असंल.”

दोन भाले तिने ठेवून घेतले. पण एक अट घातली. “कागद दे. उद्या फॉरेस्टवाला आला नि म्हणला हे कुठनं आणलं, तर काय दाखवू? तुझं नाव सांगू?” मी वही काढली. दोन भाले, भरीव बांबूचा दांडा, लोखंडी पाते, सालीची डावी वीण, कुणाकडून घेतले होते, कुणाच्या मुलीला परत केले. खाली माझी सही, वडिलांचे नाव, त्यांचा हुद्दा. तिने अंगठा उमटवला नाही, सही केली, एकेक अक्षर जोडत. मी पान फाडून तिला दिले. शिलाई आणखी सैल झाली.

रोह्याला पोचले तेव्हा अण्णांची खिडक्या लावायची वेळ झाली होती. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि जे ऐकले ते सगळे सांगितले, बकरीचेही. ते माझ्या हातांकडे बघत होते.

“किती दिले?”

“दोन. तिसरा त्यांचा नाही म्हणाल्या.”

“नाही,” अण्णा म्हणाले. “तिसरा त्यांचा नाही.”

“मग कुणाचा आहे, अण्णा? त्याचं काय झालं?”

त्यांनी कानातले यंत्र काढले आणि खिशात ठेवले. यंत्र नसले की आम्ही पाटी वापरतो; मी तोच प्रश्न तिच्यावर लिहून दाखवला. त्यांनी वाचला, पाटी पालथी करून मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसले. चेहरा मात्र मी आजवर पाहिला नव्हता असा होता. त्या डावखुऱ्या बाईच्या नवऱ्याची त्यांना भीती वाटत होती, ती या भीतीपुढे काहीच नसावी असे मला वाटले.

मी भाला माळ्यावर ठेवायला शिडी लावली, तेव्हा ते मागून म्हणाले, “वर नको. दाराजवळ ठेव. त्याला आत यायला लागू नये.”

भाला आता दाराच्या चौकटीला टेकून उभा असतो. अण्णा त्याच्यासमोर बसून अर्धी भाकरी खातात. बाई फोनवर सांगते, “ताई, अर्धीच, पण खाल्ली. कडी पण नाय घातली. नुसते बघत बसतात.” नळीचे नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलेले नाही.

वहीत पेण आणि रोह्याच्या वाड्यांची यादी आहे. दर रविवारी सकाळी भाला घेऊन निघते, टोकाला नाडा बांधते, दोन-तीन वाड्या होतात. संध्याकाळच्या आत तो परत दाराजवळ पोचवावा लागतो, नाहीतर अण्णा कासावीस होतात. प्रत्येक वाडीवर कुणीतरी म्हातारी तो मांडीवर घेते, अंगठा फिरवते, आणि तेवढा वेळ मी त्या अंगठ्याकडे बघत राहते. “आमचा नाय,” ती म्हणते. मला सुटल्यासारखे वाटते. गाडी चालू करते, यादीतल्या त्या नावावर काट मारते, आणि नागोठण्याच्या पुढे कधीतरी आठवते की अण्णा दाराकडे बघत बसले असतील.